दुरुस्तीला आलेले सामान

2013 च्या जानेवारीतली 11 तारीख होती. सोलापुरात गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेचे, दिवस सुरू झाले होते आणि मी एका स्थानिक दैनिकाच्या कार्यालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीपाशी बसून दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमांची यादी लावत होते. दुपारी तीनच्या सुमारास एक वृद्ध गृहस्थ जिना चढून वर आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, त्यावर कोपरांवर विरलेला राखाडी स्वेटर. ते टेबलाजवळ आले तेव्हा यंत्राच्या तेलाचा आणि नुकत्याच तासलेल्या लाकडाचा मिळून एक वास आला. त्यांनी खिशातून वहीचा एक कागद काढला, हाताने नीट सपाट केला आणि माझ्यापुढे ठेवला. निळ्या शाईतली अक्षरे एकेक सुटी आणि गोलसर होती. मराठी लिहिणाऱ्या त्या हाताला आधी तेलुगू लिपीचे वळण लागले असावे, हे पाहताक्षणी जाणवत होते. मजकूर तीन वाक्यांचा होता. ‘आमचे धोटे दुरुस्तीचे दुकान संक्रांतीनंतर कायमचे वाढवीत आहोत. ज्यांचे सामान दुरुस्तीला आले आहे त्यांनी कृपा करून घेऊन जावे. इतकी वर्षे विश्वास ठेवलात, आभारी आहोत.’ खाली नाव आणि गल्लीचा पत्ता. धोटा म्हणजे मागावर आडवा धागा या कडेहून त्या कडेला नेणारे लाकडी साधन.

मी तो घाईघाईने वाचला. “अभिनंदन मामा,” मी म्हणाले, “पण दुकान मोठे करताय म्हणजे ही जाहिरात झाली. खाली काउंटरवर द्या, ते दर सांगतील.” ते थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “मोठं नाही ताई. बंद करालोय. बंद म्हणू नये म्हणतात की, म्हणून तसं लिवलो.” ‘कायमचे’ हा शब्द माझ्या डोळ्यांखालून गेला होता, पण मनात शिरलाच नव्हता. मी ओशाळले, आणि ओशाळलेले माणूस जसे नियमाचा आधार शोधते तसा मी शोधला. दुकान बंद झाल्याची बातमी होत नाही, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी वाद घातला नाही. वरच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटात जपलेले एक पिवळे कात्रण काढून त्यांनी कागदाशेजारी ठेवले. ‘नूतन दुकानाचा शुभारंभ’ असा मथळा आणि खाली पाच-सहा ओळी. कात्रणाच्या कडा इतक्या झिजल्या होत्या की तारीख आणि पत्राचे नाव दोन्ही गेले होते. “उघडलो तवा आलती की बातमी,” ते म्हणाले. मी पुन्हा तेच उत्तर दिले, या वेळी थोडे अधिक नम्रपणे. त्यांनी कागदाची चार घड्यांची घडी केली, ती कात्रणाबरोबर पाकिटात ठेवली, “बरं ताई, गड्ड्याची गडबड असंल तुमाला,” असे म्हणाले आणि आले तसे जिना उतरून गेले.

त्या दिवशीची यादी माझ्याकडे अजून आहे. तिच्यात 29 कार्यक्रम आहेत.

हा नियम कोणी लिहून ठेवलेला नव्हता. मी रुजू झाले तेव्हा तो हवेतच होता, जसे शीर्षकात किती अक्षरे बसतात आणि कोणाच्या सत्काराला छायाचित्र द्यायचे हे हवेतच असते. आमच्या पान तीनवर काय येते याची मला मनापासून ओढ होती. मुंबई-दिल्लीच्या बातम्या माणूस कुठेही वाचेल. उद्या आपल्या भागात नळाला पाणी आहे की नाही, हे मात्र त्याला तिथेच कळायचे. चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर ज्या गावाच्या आंघोळी, धुणी आणि पाहुण्यांची आमंत्रणे ठरतात, तिथे ती चार ओळींची बातमी लोक आधी वाचतात आणि पहिले पान नंतर. तिच्याखाली मार्केट यार्डात कांद्याच्या किती गाड्या आल्या, भाव काय निघाला, सूत किती चढले. त्याखाली रक्तदान शिबिरे, वधू-वर मेळावे, कीर्तने, हळदीकुंकू, हुतात्मा स्मृती मंदिरातले नाटक, निवृत्त शिक्षकांचा सत्कार. त्या 12 तारखेच्या यादीत सर्वांत वर दोन नोंदी होत्या. एक, यात्रेतल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, शहराच्या पंचक्रोशीतल्या 68 लिंगांच्या तैलाभिषेकाला कोणत्या मार्गाने निघणार त्याची. दुसरी, चार हुतात्म्यांना अभिवादनाची. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याला फाशी दिले गेले, त्यामुळे यात्रेचा हा पहिला मोठा दिवस आणि शहराच्या शोकाचा दिवस बहुतेक वर्षी एकाच तारखेला येतात, आणि सोलापूरकर सकाळी पुतळ्यांना हार घालून दुपारी हलगीच्या मागे चालतो. त्या चौघांतले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचे पत्र चालवत असत. ते नाव दर वर्षी यादीत टाइप करताना मला आपणही त्याच कामाच्या एका बारीक फांदीवर आहोत असे वाटे, आणि त्याचा मला अभिमान होता.

माझे वडील पेपर उलटा वाचत. शाळेत कारकून होते; सकाळी सहा वाजता अंगणात लाकडी खुर्ची टाकून, मफलर कानांवर घेऊन ते शेवटच्या पानापासून सुरुवात करत आणि पान तीनवर आल्यावर मोठ्याने वाचू लागत. आईने चूल सोडून गॅस घेतला, शेजारचे वाडे पडून तिथे इमारती आल्या, पण हे वाचन बदलले नाही. ‘चाटी गल्लीत नवं कापड दुकान, सकाळी दहाला उद्घाटन’ हे वाचले की ते माझ्याकडे पाहून भुवया उंचावत. तेवढ्यावर सुट्टीचा दिवस ठरून जाई. उद्घाटनाला आमंत्रण लागते ही कल्पना त्यांना मान्य नव्हती. पेपरात छापले म्हणजे ते आमंत्रणच, असे ते म्हणत आणि त्यात काहीही गैर नव्हते, कारण दुकानदारालाही तसेच वाटत असे. आम्ही चालत जायचो. मधला मारुती ओलांडला की वासावरून दुकान सापडायचे. ओल्या ऑइलपेंटचा, झेंडूचा आणि नव्या कापडाच्या खळीचा वास एकमेकांत मिसळलेला असे. फळ्यांवर ताग्यांचे ढीग, गल्ल्यावर लक्ष्मीची तसबीर आणि तिच्यापुढे पहिली बोहनी म्हणून ठेवलेली नोट. मालकाचे म्हातारे वडील खुर्चीत बसवलेले असत, त्यांच्या कपाळावर नाम किंवा आडवे भस्म, आणि प्रत्येक येणारा आधी त्यांच्या पाया पडे. त्या खुर्चीच्या उंचीवरून मी गावातली कितीतरी घराणी ओळखायला शिकले. कुठे कानडीतून स्वागत व्हायचे, कुठे तेलुगूतून, कुठे मारवाडीतून, आणि पेढा हातात देताना सगळे मराठीत यायचे. वडील एक टॉवेल किंवा हातरुमालाची जोडी विकत घेत. पहिल्या दिवशी दुकानातून रिकाम्या हाताने निघू नये, असा त्यांचा शिरस्ता होता.

बंद होणाऱ्या दुकानात आम्ही कधी गेल्याचे मला आठवत नाही.

दुकान बंद होते तेव्हा काय होते, हे मी त्या वृद्ध गृहस्थांच्या भेटीनंतर लक्ष देऊन पाहू लागले. आधी शटर अर्धे खाली येते. माल संपलेल्या फळ्यांवर पुढे एकेक नग आणि मागे रिकामे खोके, असे मांडले जाते. दुकानाच्या वेळा सैल होतात, मग कधीतरी एखाद्या सणानंतर ते उघडतच नाही. पाटी तशीच राहते, कारण पाटी उतरवायला शिडी लागते आणि शिडी आणली की लोक विचारतात. शेजारचा दुकानदार गिऱ्हाइकाला “गावाला गेलेत” म्हणून सांगतो, आणि हे तो प्रेमापोटी सांगतो. मराठीत यासाठी शब्दच असा केला आहे की ऐकणाऱ्याला ओरखडा उठू नये. आपण दिवा विझवत नाही, वाढवतो. देवापुढचा नारळ फोडत नाही, वाढवतो. हातातली बांगडी फुटली तरी वाढली म्हणतो. रात्री फळ्या लावणारा व्यापारी दुकान वाढवतो, कारण बंद हा शब्द उंबऱ्यावर उच्चारायचा नसतो. माझी आई हे सगळे बोलत असे आणि मी ते लहानपणापासून ऐकत आले होते; तरीही कागदावर तो शब्द दिसला तेव्हा मला त्याचा बाजारातला आजचा अर्थ, मोठे करणे, एवढाच सुचला. ज्यांच्या घरात तेलुगू बोलली जाते त्यांनी माझ्या आईची मराठी जपून वापरली होती, आणि भाषेवर पोट भरणाऱ्या मला ती वाचता आली नाही. पुढे कितीतरी दिवस मला नियमापेक्षाही हीच गोष्ट अधिक बोचत राहिली.

मोठी गोष्ट बंद पडते तेव्हा तिचा आवाज होतो. ‘जुनी मिल’ ही सोलापूरची कापडगिरणी 1877 ची. तिच्या भोंग्यावर निम्म्या गावाची घड्याळे लागत. 1949 च्या ऑगस्टमध्ये ती बंद पडली, तेव्हा 1950 च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि एका भागधारकाने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर 1950 मध्ये लागलेला तो निकाल कायद्याचे विद्यार्थी समानतेच्या हक्काचा पाठ म्हणून आजही वाचतात. माझ्या एका मैत्रिणीला पुण्यात विधी महाविद्यालयात बसल्याबसल्या आपल्या गावाच्या गिरणीचे नाव फळ्यावर दिसले, तेव्हा तिने तिथूनच मला फोन केला होता. पुढे लक्ष्मी-विष्णू मिलचा भोंगा थांबला, नरसिंग गिरजीचा थांबला. मोर्चे निघाले, सभा झाल्या, थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे तारखा पडल्या आणि प्रत्येक तारखेची बातमी झाली. ते योग्यच होते. हजारो घरांच्या चुली त्यांवर होत्या. पण गिरण्यांभोवती आणि त्यांच्यानंतर वाढलेल्या यंत्रमागांभोवती आणखी एक बारीक गाव होते. कांड्या भरून देणारे, बीम वाहणारे हातगाडीवाले, नक्षीसाठी जकार्टचे पत्ते छिद्रून देणारे, फणी आणि वई बसवणारे, रंगाचे हौद राखणारे, चादरीच्या दशांना गाठी मारणाऱ्या बायका. ही माणसे एकेक करून थांबत गेली. एका वेळी एकच माणूस थांबत असल्यामुळे त्याची संख्या कधी मथळ्यात बसण्याएवढी झाली नाही.

धोटा मी पहिल्यांदा हातात घेतला तो चौथीत असताना. साखर पेठेत माझ्या एका वर्गमैत्रिणीचे घर होते. पुढच्या खोलीत दोन माग आणि मागच्या खोलीत संसार. दारातून आत गेले की आधी काहीच ऐकू यायचे नाही, म्हणजे इतका आवाज असायचा की बाकी सगळे पुसले जायचे. त्या घरातली माणसे एकमेकांशी ओठांनी आणि बोटांनी बोलत, आणि रात्री माग थांबल्यावरही मोठ्याने बोलत. हवेत सुताची बारीक कुसे तरंगत. तिच्या आजीच्या भुवया नेहमी पांढऱ्या दिसत आणि तोंड धुतले की काळ्या व्हायच्या. तिचे वडील एकदा वीज गेल्यावर मागापासून उठले आणि त्यांनी आम्हा दोघींना धोटा दाखवला. नावेसारखा निमुळता, दोन्ही टोकांना पोलादी टोपणे, मधल्या पोकळीत एक लोखंडी जीभ, त्या जिभेवर कांडी बसायची आणि बाजूच्या चिनीमातीच्या बारीक डोळ्यातून धागा बाहेर निघायचा. लाकूड इतके गुळगुळीत होते की ते ओले आहे असा भास व्हायचा. “इथे एवढी जरी कुस उभी राहिली,” त्यांनी नखाने दाखवले, “तर ताण्याचे दोरे तटातट तुटतात. चादरीत रेघ पडते. रेघ पडली की मजुरी कापतात.” मिनिटाला शंभराहून अधिक वेळा तो धोटा ताण्याच्या उघड्या तोंडातून या कडेहून त्या कडेला फेकला जातो, दर खेपेला लाकडी पेटीवर आदळून थांबतो, आणि 60 बाय 90 इंचांची एक चादर पुरी होईपर्यंत त्याने किती खेपा केल्या हे कोणी मोजत नाही. टोक बोथटले, जीभ ढिली झाली, कडेला चीर गेली की तो दुरुस्तीला जातो. तेव्हा धोटे दुरुस्त करणारा माणूस चादर विणत नसला तरी चादरीत रेघ न पडणे हे त्याचे काम होते.

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रात ते मिळवणाऱ्या अगदी पहिल्या वस्तूंपैकी ती एक आहे, आणि त्या बातम्या आम्ही मोठ्या छापल्या. त्याच सुमारास पानिपतहून येणाऱ्या स्वस्त, हलक्या चादरी सोलापुरी या नावाने रस्त्यारस्त्यांवर विकल्या जात होत्या. त्याच्याही बातम्या झाल्या. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यांत नवे रॅपिअर माग आले. तिथे धोटा नसतो; एक पातळ पाते धागा पकडून पलीकडे नेते आणि परत येते. उत्पादन वाढले, परदेशी मागण्या आल्या, गणवेशांच्या शिवणकामाचा नवा धंदा उभा राहिला, हजारो बायकांना तिथे काम मिळाले. हे सारे आनंदाचेच होते आणि ते आनंदाने लिहिताना मी काही खोटे लिहिले नाही. एवढेच की बिनधोट्याच्या मागांचे उद्घाटन मी दोन कॉलमांत दिले, त्या आठवड्यात धोट्याच्या दुकानाचा कागद मी परत केला, आणि या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे मला तेव्हा दिसले नाही.

तो दिसला वडील गेल्यावर.

2022 च्या पावसाळ्यात ते गेले. मी तोवर नोकरी सोडलेली होती. रात्री अकरा वाजता जुन्या सहकाऱ्याला फोन करून मी दोन ओळी सांगितल्या आणि सकाळी पान तीनवर त्या आल्या, एक चौकोनी छायाचित्र आणि ‘दुःखद निधन’. माणसे येऊ लागली. मला वाटले होते नातेवाईक येतील, शाळेतले दोन-चार लोक येतील. पण ज्यांना मी कधी पाहिले नव्हते अशी माणसे पेपराचा तुकडा हातात घेऊन पत्ता विचारत आली. वडिलांनी एका मुलाची परीक्षा फी भरली होती, तो आता बाळीवेशीत किराणा चालवतो. तो आला आणि कोपऱ्यात बसून राहिला. एका बाईंनी पिशवीतून जुने पंचांग आणि एक पुस्तक काढून आईपुढे ठेवले. सरांकडून नेले होते, द्यायचे राहून गेले, म्हणाल्या. चाटी गल्लीतल्या एका दुकानाचे मालक आले, जे माझ्या आठवणीत नव्याकोऱ्या गल्ल्यामागे उभे असलेले तरुण होते, आणि म्हणाले की उद्घाटनाला तुमच्या वडिलांनी घेतलेल्या टॉवेलची पावती आमच्या पहिल्या पावतीपुस्तकात तिसरी आहे. संध्याकाळी सगळे गेल्यावर मी आईच्या शेजारी बसले होते, आणि ते पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये पडले होते, तेव्हा मला त्या कागदातले मधले वाक्य आठवले. नऊ वर्षे मला पहिले वाक्य टोचत होते, ज्यात मी शब्द चुकले. मधले मी कधी नीट वाचलेच नव्हते. ज्यांचे सामान दुरुस्तीला आले आहे त्यांनी घेऊन जावे. त्यांना स्वतःच्या दुकानाविषयी फारसे काही म्हणायचेच नव्हते. त्यांच्याकडे लोकांच्या वस्तू होत्या, आणि त्या लोकांना हाक मारायला त्यांच्याजवळ दुसरे साधन नव्हते.

या जानेवारीत अक्षता सोहळ्याच्या दिवशी मी त्या गल्लीत गेले. आधी का गेले नाही, याला माझ्याकडे चांगले उत्तर नाही. शरम वेळ खाते, एवढेच म्हणता येईल. सोहळा होतो त्या संमती कट्ट्याभोवतीची गर्दी ओसरत होती. बाराबंदी घातलेली पोरे खांद्यावर पंचे टाकून रस्त्याकडेला उसाचा रस पीत उभी होती, त्यांच्या केसांत अजून अक्षता अडकलेल्या होत्या, आणि लांबून हलगी ऐकू येत होती. कुंभारकन्येचे सिद्धेश्वरांच्या योगदंडाशी लग्न लागले की गावभर लग्नघरासारखी सैल दुपार पसरते, तशी ती पसरली होती. पत्ता मला पाठ नव्हता. गल्लीचे नाव तेवढे लक्षात राहिले होते. पूर्व भागात चौकशी करायला वेळ लागत नाही. “धोट्याचं दुकान? ते आता शिवणकाम करतेत की,” पानाच्या टपरीवरच्या मुलाने हात करून दाखवले.

खोली तीच असावी. दारावरची जुनी पाटी काढलेली होती, पण भिंतीचा तेवढा आयत बाकीच्या भिंतीपेक्षा फिकट होता. आत सहा शिलाई यंत्रे होती आणि शाळेच्या गणवेशाचे गर्द निळे कापड गुडघ्याएवढे साचले होते. सण असूनही दोघी काम करत होत्या. मागणी फेब्रुवारीत द्यायची होती. मुलगा पन्नाशीचा असेल. वडील तीन वर्षांपूर्वी गेले, असे त्याने सांगितले. मी बसले, पाणी घेतले, आणि मग मी कोण आणि त्या दिवशी काय झाले ते सगळे सांगून टाकले. ‘वाढवणे’ शब्दाचेही सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, “नाना घरी आले तवा आम्ही विचारलो. ‘पेपरात जागा नव्हती बाबा, गड्डा चाललाय ना,’ एवढंच म्हणाले.” जागा नव्हती असे मी त्यांना म्हणाले नव्हते. ते त्यांनी माझ्या वतीने म्हटले होते.

मग त्याने पुढचे सांगितले. संक्रांत झाली, तरी नाना रोज सकाळी येऊन दुकानाच्या पायरीवर बसत. शटरवर त्यांनी खडूने मराठीत आणि तेलुगूत लिहिले होते, आपले सामान घेऊन जावे. पावसाने पुसले की पुन्हा लिहीत. ज्यांचे पत्ते माहीत होते त्यांच्याकडे ते सायकलवर धोटे घेऊन गेले. काही कारखान्यांना कुलपे होती, काही ठिकाणी मालक बदलले होते, एका ठिकाणी रॅपिअर माग बसलेले पाहून त्यांनी धोटा दारातल्या वॉचमनच्या हाती दिला आणि परत आले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ निघाला त्या दिवसापर्यंत, म्हणजे सात महिने, हे चालले. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची, म्हणजे पद्मशालींची, सगळी वस्ती त्या दिवशी रस्त्यावर असते; नानांनी मिरवणुकीत उभे राहून दोन माणसे बरोबर हेरली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचे धोटे पोचते केले. त्यानंतर ते पायरीवर बसायचे थांबले. चाळीसच्या वर होते, असे मुलगा म्हणाला, आणि उठून त्याने यंत्राच्या वरच्या फळीवरून वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी काढले. “हा एक राहिला.”

कागद सोडताना मी तो कोणता पेपर आहे ते पाहिले नाही.

तो धोटा आता माझ्या टेबलावर आहे. तुम्ही लिहिता, तुम्हाला माणसे भेटतात, तुमच्याकडेच असू द्या, असे मुलगा म्हणाला आणि मी तो घेतला. दुकानाचे नाव आणि घराण्याचे आडनाव लिहू नये अशी त्याची इच्छा आहे, म्हणून ते लिहीत नाही. धोट्याची खूण लिहिते. लांबी सव्वा वीत आणि चार बोटे. लाकूड काळपट तांबडे, एका कडेला जुनी चीर आहे आणि ती लाकडाची पातळ सळई घालून भरलेली आहे. बोट फिरवले तर सांधा लागत नाही. डाव्या टोकाजवळ हिरव्या रंगाचे दोन पट्टे, त्यांच्यामध्ये मराठी आकडा 7. पोकळीत थोडे पिवळे सूत अडकलेले आहे, ते मी तसेच ठेवले आहे. जिभेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली आहे. तिच्यावर तीच निळी शाई आणि तीच गोल अक्षरे आहेत.

‘दोन्ही टोपणे नवीन. जीभ बदलली. चीर भरली. पैसे आगाऊ मिळाले.’